नाशिकहून अंदमान टूर: समुद्राला पैकीच्या पैकी, टूर कंपनीला पाचात तीन

२६ जानेवारी झाल्यावर लगेच आम्ही चौघं अंदमानला जाऊन आलो. मी, मिस्टर, नववीतला मुलगा आणि माझे सासरे, अण्णा. अण्णा ७६ वर्षांचे, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, चालतात व्यवस्थित पण जिने चढताना गुडघा बोलतो. बुकिंग कॉलेज रोडच्या एका टूर कंपनीकडे केलं होतं. नाव देत नाही, कारण माणसं वाईट नाहीत, प्लॅनिंग चुकलंय, आणि बहुतेक सगळ्याच कंपन्यांचं तसंच चुकतं असं मला आता वाटायला लागलंय. सहा रात्री सात दिवस, मुंबईपासूनचं विमान धरून माणशी ६२ हजार. इंदिरानगरहून रात्री दहाला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, कसारा उतरून मुंबई, पहाटेचं विमान, मधे चेन्नईला बदल, आणि साडेअकराच्या सुमारास पोर्ट ब्लेअर. म्हणजे आता श्रीविजयपुरम, २०२४ मध्ये नाव बदललं, पण तिथला रिक्षावाला पण पोर्ट ब्लेअरच म्हणतो म्हणून मी पण तेच लिहिते.

विमान खाली यायला लागलं की खिडकीतून जे दिसतं ना त्यासाठी खिडकीची सीट भांडून घ्या. हिरव्यागार टेकड्या थेट पाण्यात उतरलेल्या, कडेला पांढरी रेघ, मग फिकट पोपटी, मग मोरपंखी, आणि मग एकदम गडद निळा. पाचशेच्या वर बेटं आहेत आणि माणसं राहतात ती चाळीससुद्धा नाहीत. बाकी सगळं जंगलच. अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते, काहीच बोलले नाहीत. उतरलो तेव्हा समोर पाटी, वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, आणि ते तिथेच थांबले, सामानाची ट्रॉली घेऊन मागचे लोक खोळंबले तरी हलेनात. मला म्हणाले, "सूनबाई, भगूरचं पोरगं इथं साखळदंडात आलं होतं गं." भगूर म्हणजे आमच्या नाशिकजवळचं सावरकरांचं गाव.

आता खरी तक्रार इथूनच सुरू होते. कंपनीने सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी दुपारी तीनला ठेवलेलं. आदल्या रात्रीपासून झोप नाही, हॉटेलवर जेवून जेमतेम पाठ टेकलेली, आणि लगेच चला चला. वर गाइडने सांगितलं की पन्नास मिनिटांत उरकायचंय कारण अंधार पडायच्या आत कॉर्बिन्स कोव्ह बीच करायचाय. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो, आपल्याकडे तेव्हा उन्हं असतात, हे टूर कंपनीला माहीत नसेल का? माहीत असतं, तरी सात दिवसांच्या कागदावर जास्तीत जास्त ठिकाणं दिसली पाहिजेत म्हणून कोंबतात. मी म्हणलं अहो आम्ही नाशिकचे, आम्हाला इथेच जास्त वेळ हवाय. तर तो म्हणाला, मॅडम जेल सगळ्यांचं तासाभरात होतं.

त्या पन्नास मिनिटांत आम्ही एक विंग आणि तेलाचा घाणा बघितला. अण्णांना तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं, गुडघ्यामुळे त्यांना जिन्याला वेळ लागत होता, आणि खालून गाइड शिट्टी मारत होता. अण्णा अर्ध्या जिन्यातून परत फिरले. ती शिट्टी मला अजून ऐकू येते. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोला परत आणलं, तर तिकिटं इंग्रजी शोची काढलेली, हिंदी शो असताना. अण्णांना इंग्रजी कळतं पण इतकं भरभर नाही, ते नुसते भिंतींवरचे दिवे बघत बसले.

मग शेवटच्या आधीच्या दिवशी आम्ही कंपनीचं शॉपिंग सोडलं, शिंपल्यांच्या शोरूमला येत नाही सांगितलं, आणि स्वतः टॅक्सी करून सकाळी जेलवर गेलो. तीन तास बसलो. ही टूरमधली सगळ्यात चांगली सकाळ होती आणि ती पॅकेजमध्ये नव्हती.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. १८९६ ला बांधायला घेतलं, १९०६ ला पुरं झालं, बांधलं कैद्यांकडूनच, विटा ब्रह्मदेशातून आणलेल्या. मधे एक मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंगा, तीन मजली, मिळून जवळजवळ सातशे कोठड्या. आता तीनच विंगा उरल्यात, बाकीच्यांच्या जागेवर सरकारी हॉस्पिटल आहे. एका कोठडीत एकच माणूस, म्हणून सेल्युलर. आणि एका विंगेच्या कोठड्यांची दारं पुढच्या विंगेच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचं तोंड दिसणार नाही. कोठडी साडेचार मीटर बाय पावणेतीन मीटर, झरोका पार वर, हात पोचणार नाही असा. मुलगा आत उभा राहिला, मी बाहेरून दार लोटलं तर दोन मिनिटांत म्हणाला आई उघड. कडी भिंतीच्या आत खोल खोबणीत बसते, आतल्या माणसाचा हात तिथवर जाणारच नाही अशी. हे कोणीतरी शांतपणे टेबलावर बसून कागदावर काढलं असेल, याचं मला सगळ्यात जास्त भय वाटलं.

घाण्याला बैलाऐवजी माणूस जुंपायचे, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. नाही झालं तर शिक्षा. मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवर हिशोब केला आणि गप्प बसला.

नाशिकच्या मोठ्या माणसांना हे सांगायला नको, पण माझ्या मुलाला माहीत नव्हतं, म्हणजे बऱ्याच मुलांना नसणार. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली ती कविता छापल्या म्हणून. त्याचा राग धरून त्याच वर्षी २१ डिसेंबरला आपल्या विजयानंद थिएटरमध्ये नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या जेलात फाशी झाली. त्या खटल्यातून वामनराव जोशींसारखे काही इथे आले. आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्याराव, म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर, ४ जुलै १९११ ला, दोन जन्मठेपा, ५० वर्षांची शिक्षा घेऊन. म्हणजे आपल्या तिळभांडेश्वर गल्लीतले दोन सख्खे भाऊ एकाच जेलात, आणि बराच काळ एकमेकांना भेट नाही. दोघांना १९२१ च्या मे महिन्यात तिथून हलवलं.

तात्यारावांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. अण्णा या वेळी सावकाश चढले, दर आठ-दहा पायऱ्यांना थांबत, कोणी शिट्टी मारायला नव्हतं. वर जाऊन चप्पल काढून आत गेले. मी व्हरांड्यात उभी होते, आणि मला काय माहीत का सारखी येसूवहिनींची आठवण येत होती. बाबारावांची बायको. नवरा इथे, धाकटा दीर इथे, घरावर जप्ती, आणि त्यांनी नाशकात बायकांना गोळा करून आत्मनिष्ठ युवती संघ काढला. १९१९ मध्ये त्या गेल्या, नवरा अंदमानातच. दहा वर्षं वाट बघितली आणि परत भेट नाही. काळं पाणी म्हणजे काय ते मला त्या व्हरांड्यात कळलं, ते पाणी नाशकात पण आलं होतं.

आणि हे फक्त आपलं नाही हे पण बघून या. संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरलीत, बंगालची आणि पंजाबची यादी वाचतावाचता मान दुखते. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळीतून दूध घालताना महावीर सिंग आणि मोहित मोइत्रा, मोहन किशोर नामदास गेले. अण्णा प्रत्येक पाटीवरून बोट फिरवत वाचत होते, मुंबई प्रांताची पाटी आली तेव्हा मुलाला जवळ बोलावून मोठ्याने वाचायला लावलं.

त्याच जेलच्या गच्चीवरून समोर जे दिसतं त्यासाठी खरं म्हणजे मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, रॉस बेट आहे, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५७ च्या उठावानंतर मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली खेप इथे आणली तेव्हापासून १९४१ पर्यंत इंग्रजांचा सगळा कारभार त्या बेटावरून चालायचा. चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट, पोहण्याचा तलाव, नाचायचा हॉल. आम्ही दुसऱ्या दिवशी बोटीने गेलो होतो. आता सगळं पडलेलं आहे, भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी असं आवळलंय की भिंत कुठली आणि मूळ कुठलं कळत नाही, चर्चला छप्पर नाही, मधे हरणं फिरतात, मोर आहेत, हरणं हातातलं खातात. फार सुंदर जागा, बॅटरीची गाडी आहे त्यामुळे अण्णांना त्रास नाही. पण रॉस आधी बघितलं तेव्हा नुसतं सुंदर वाटलं होतं, आणि जेलच्या गच्चीवरून परत बघितलं तेव्हा कळलं की तिकडे बँड वाजत असणार तो इकडे घाण्यावर ऐकू येत असणार, मधे फक्त हे एवढंसं निळं पाणी. तेच पाणी, ज्याचे मी आदल्या चार दिवसांत शंभर फोटो काढले होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जेल पहिल्या दिवशी उरकून टाकायची गोष्ट नाहीये. आधी समुद्र बघा, त्यात डुंबा, त्याच्या प्रेमात पडा, आणि मग जेलच्या गच्चीवर जा.

आता समुद्राबद्दल. हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअरहून प्रायव्हेट क्रूझने दीड-दोन तास. बोट लागू नये म्हणून गोळी आधी घ्या, निघाल्यावर घेऊन उपयोग नाही, आमच्या ग्रुपमधल्या दोन काकूंचे हाल झाले. राधानगर बीचला २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हणलं होतं. मी गोवा, अलिबाग, तारकर्ली सगळं बघितलंय, आणि तरी राधानगरला पाय टाकल्यावर बोलायलाच सुचलं नाही. वाळू पिठीसाखरेसारखी, पायाला चटका नाही, मागे उंच उंच झाडांचं खरं जंगल, माडांची लागवड नाही, आणि पाणी गुडघाभर आहे तिथे पायाची नखं मोजता येतात. किनाऱ्यावर दुकानं-बिकानं नाहीत, कचरा नाही. सूर्यास्ताला जा पण चारलाच जा, परत सांगते, पाचनंतर काही खरं नाही. मगरींच्या सूचनेचे बोर्ड काही किनाऱ्यांवर आहेत, ते सजावटीसाठी लावलेले नाहीत, जीवरक्षक सांगेल तिथेच उतरा.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग केलं, माझं आयुष्यातलं पहिलं. मला पोहता येत नाही, गोदेच्या काठावर वाढून सुद्धा रामकुंडात पायरीच्या पुढे कधी गेले नाही. तिथल्या मुलाने टायर धरायला दिला, तोंड पाण्यात घाल म्हणाला, आणि खाली निळे पिवळे मासे, जांभळ्या कडांचे शिंपले, प्रवाळ. सगळं प्रवाळ जिवंत नाहीये हे पण दिसतं, राखाडी पडलेले मोठाले भाग आहेत, २००४ च्या सुनामीने मार दिला आणि २०१० मध्ये पाणी जास्त गरम होऊन बरंच पांढरं पडलं. त्यावर पाय देऊन उभं राहू नका, प्लीज. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तुकडा उचलून खिशात घातला होता, त्या मुलाने तो परत टाकायला लावला, विमानतळावर सुद्धा पकडतात. बीचच्या नावातले हत्ती खरे होते, लाकूडतोडीच्या काळात आणलेले, एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जायचे. त्यातला शेवटचा पोहणारा राजन, तो २०१६ मध्ये हॅवलॉकवरच गेला.

नील, म्हणजे शहीद द्वीप, छोटं आणि शांत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथे वसवली, भाजीपाला पिकवतात, आणि खरंच, बाजारात भाजी बघून नाशिकची आठवण आली, वांगी दुधी काकडी सगळं ताजं. लक्ष्मणपूरचा दगडी पूल बघायचा तर भरती-ओहोटीची वेळ विचारून जा. कंपनीने आम्हाला भरतीच्या वेळी नेलं. पाण्यात अर्धा बुडालेला पूल लांबून बघून परत आलो. हे फोनवर एका मिनिटात कळतं हो, एवढं तरी करायला हवं होतं.

बाराटांग आम्ही नाही केलं. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी आहेत, मुलाला जायचं होतं, पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि ग्रुपमध्ये जी चर्चा चालली होती ती गुहांची नव्हती, जारवा दिसतील का याची होती. फोटोला सक्त बंदी आहे तरी लोक काचेला डोळे लावून बसतात. अण्णा म्हणाले माणसं बघायला मी जात नाही. आम्ही त्या दिवशी चॅथमची लाकडाची गिरणी बघितली, १८८३ ची आहे, पडौक लाकडाचा लालसर भुसा आणि तो वास. तात्यारावांचा जन्म पण १८८३ चा, ते अण्णांनीच लक्षात आणून दिलं. आमचा टॅक्सीवाला तिथे वाट बघत होता, तो म्हणाला आम्ही प्री-४२ वाले. म्हणजे जपान्यांनी १९४२ मध्ये बेटं घेतली त्याच्या आधीपासूनची घराणी, बरीचशी कैद्यांची वंशज. पणजोबा कुठल्या गुन्ह्यात आले माहीत नाही, पणजी पण कैदी होती, आणि घरात हिंदीच, जात कुठली विचारलं तर हसला. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला झेंडा फडकवला ते मैदान त्याने दाखवलं, आणि मग लगेच पुढे सांगितलं की महिन्याभरात, ३० जानेवारी १९४४ ला, जपान्यांनी ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून एका रांगेत गोळ्या घातल्या. कंपनीच्या गाइडने सात दिवसांत जेवढं सांगितलं नाही तेवढं या माणसाने एका दुपारी सांगितलं.

अण्णांना अजून एक आनंद मिळाला तो लिहायलाच हवा. जुनी लालसर केशरी २० ची नोट आठवते? तिच्या मागचं माडांचं आणि दीपगृहाचं चित्र पोर्ट ब्लेअरचंच. टॅक्सीवाल्याने ती जागा दाखवायला गाडी थांबवली. अण्णांनी पाकिटातून जपून ठेवलेली कोरी नोट काढली, समोर धरली, एक डोळा मिटून जुळवली, आणि आयुष्यभर नोटांच्या कागदात काम केलेला माणूस लहान मुलासारखा हसला. तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे.

जेवणाचं: शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही, बंगाली आणि तमिळ दोन्ही पद्धतीचं मिळतं, मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. कंपनीचा बुफे मात्र रोज तेच पनीर आणि तीच पिवळी डाळ, समुद्राच्या मधोमध बसून. आम्ही नाशिकहून नेलेला चिवडा तिसऱ्या दिवशी संपला. हॉटेलं स्वच्छ, हॅवलॉकचं तर फारच छान, याला पूर्ण मार्क. फेरीची तिकिटं, गाड्या, वेळेवर येणं, सगळं चोख. अण्णांसाठी सगळीकडे खालच्या मजल्यावरची खोली न मागता दिली, त्याचं मनापासून कौतुक. मोबाइलला रेंज पोर्ट ब्लेअर सोडलं की कधी आहे कधी नाही, रोख पैसे जवळ ठेवा. जायचं तर डिसेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि मग सगळा प्लॅन कोसळतो.

परत आल्यावर मी कंपनीच्या मालकांना जाऊन भेटले, फोनवर नाही, समोर बसून सांगितलं. जेल सहाव्या दिवशी सकाळी ठेवा, तीन तास द्या, हिंदी शोची तिकिटं काढा, म्हाताऱ्या माणसांना जिन्यावर शिट्टी मारू नका. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, डायरीत लिहून घेतलं आणि मार्चच्या बॅचपासून बदलतो म्हणाले. त्या बॅचमधून कोणी जाऊन आलं तर तसं केलं का ते खाली नक्की लिहा, म्हणजे मला दोन स्टार वाढवता येतील.